डोंगरावरच्या विहिरीचा पाईप

चाचा, तुमच्या पश्चात इथे आखातात, निझव्यातलं आपलं पाण्याच्या मोटारींचं दुकान अजून चालू आहे, आणि तुमच्या खुर्चीवर आता मी बसतो. आज सकाळी डोंगरावरच्या त्या गावात जाऊन आलो. आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

आठवतो ना, माझा इथला पहिला हिवाळा? मी रत्नागिरीकडचा, पाणी गोठलेलं फक्त फ्रीजमध्ये पाहिलेलं. त्या गावच्या विहिरीवर मी एकट्याने पंप बसवला, पाईप उघड्यावरून नेला आणि ऐटीत खाली आलो. आठवड्यात कडाक्याची थंडी पडली, आतल्या पाण्याचा बर्फ झाला आणि पाईप उभा फाटला. आपण दोघे वर पोचलो तेव्हा बायका खालच्या वस्तीतून डबे भरून आणत होत्या. विहिरीचा मालक, तो अर्बाब, संतापलेला. "कोणी बसवला हा?" तुम्ही म्हणालात, "मी. चूक माझी." तो गेल्यावर मात्र मला सोडलं नाहीत. "पंप चालू झाला की काम खलास, असं वाटलं तुला? तो बंद झाल्यावर पाइपात काय उरतं, ते कोण बघणार?" मग आपण चर खणतोय, पाईप विहिरीकडे उतरता पुरतोय. जमिनीखाली, विहिरीच्या आत, तुम्ही त्याला बारीक भोक पाडताय, म्हणजे पंप थांबला की वरचं पाणी आपोआप परत विहिरीत. माझी बोटं बधिर झालेली बघून तुम्ही हातमोजे काढून माझ्याकडे फेकलेत आणि उघड्या हातांनी माती लोटत राहिलात.

यंदा त्या गावाने नवी विहीर पाडली. काम माझ्याकडे आलं. तसाच चर, तसंच भोक, बाहेरच्या तुकड्याला जाड फोम. काल तिथे पाणी गोठवणारी थंडी होती. आज डाळिंबांच्या फांद्यांवर पांढरं हिव, आणि मी बटण दाबलं. नळातून आधी नुसती हवा आली, मग खळखळून पाणी. एका म्हातारीने लगेच काहव्याची किटली भरून चुलीवर ठेवली आणि ती इथली कॉफी उकळल्यावर पहिला पेला मला दिला. अर्बाबाचा मुलगा, आता तोच मालक, हसत म्हणाला, "कोणी शिकवलं तुला हे?"

मी म्हणालो, "अनुभवाने."

चाचा, तुमचं नाव ओठांवर आलं होतं. शाबासकी एकट्यालाच हवी होती, म्हणून मी ते गिळलं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, पण एवढं लिहिल्याशिवाय घास उतरेना.