'ऑगस्टची कुत्री' आणि माझा ढोल

३ ऑगस्ट २०१९, मॉन्तेविदेओ

दारूच्या पिंपाच्या फळ्यांचा मोठा ढोल. त्याच्या लोखंडी पट्ट्या, खिळ्यांनी ठोकलेलं कातडं, वाजवण्याआधी जाळावर शेकून ताणायचं. दोन गिटार. एक अँप्लिफायर, जुन्या रेडिओच्या सामानातून. सगळं माझ्या हातचं, कुणी शिकवलं नाही. याच्यावर 'ऑगस्टची कुत्री' हा बँड उभा राहिला. आणि आज गायकमहाशय गोन्सालो टीव्हीवर म्हणतात, "आमचा आवाज आपोआप सापडला." आपोआप! रस्त्यात पडला होता का?

५ ऑगस्ट

बँडच्या तिशीचा कार्यक्रम. ढोल वाजवायचा आरिएल. तो वारला, ढोल माझ्याकडे परत आला. वाटलं होतं, आता वाजवायला मला विचारतील. विचारलं त्याच्या पोरीला, हिमेनाला. आणि ती स्क्रू पिळून ताणायचा प्लास्टिकचा ढोल वाजवणार! फोनवर झापली.

"काका, थिएटरात जाळ कसा करू? कातडं काय गॅसवर भाजू?"

जीभ बापाची घेतलीय. हात कुठाय?

९ ऑगस्ट

आली. माझाच ढोल नेते म्हणाली, जाळ थिएटरच्या मागच्या गल्लीत करीन. अंगणात तापवून दाखव म्हटलं, तर कातडं करपायलाच आणलं. "टिचकी मारून ऐक. बघतेस काय?" तोंड फुगवून ऐकत बसली. जाताना माझा माते, तो कडू पाल्याचा चहा, पिऊन संपवला.

१० ऑगस्ट

हवा दमट. कातडं ढिलं पडणार. ऐकतंय कोण!

१२ ऑगस्ट

कार्यक्रमात पडलंच. तिसऱ्या गाण्यात — नुसतं फद् फद्. गोन्सालो गातोच आहे, त्याला काय कळतंय. हिमेनाने गाणं अर्ध्यावर सोडलं, ढोल खांद्यावर टाकला आणि मागच्या दाराने सरळ गल्लीत. मी तिच्याआधीच तिथे, जाळात पुठ्ठे सारत होतो.

गोन्सालो धावत आला. "वेड लागलं का? लोक बसलेत आत!"

"बसू दे. बाबांनी ढिला ढोल कधी वाजवला होता?"

लोकही बाहेर आले, हात शेकत उभे राहिले. तिने टिचकी मारली, ऐकलं, परत जाळाला धरला. नेमक्या अंतरावर. मग तिथेच वाजवला. गोन्सालो पायाने ठेका धरत होता, हरामखोर.

१५ ऑगस्ट

गोन्सालो घरी आला होता. पोरीचा भरवसा नाही, तिला काढतो, तू वाजव म्हणाला. पोस्टरवर नाव, बारा कार्यक्रम, चाळीस हजार डॉलर. मी नाही म्हटलं. ढिला ढोल तिला ऐकू येतो, त्याला नाही.