आधी उजवा हात

बाबा, आज एका मुलीच्या इंटर्नशिपच्या कागदावर सही केली. आता तिची नोंदणी होईल, नंबर मिळेल, की ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करायला मोकळी. सहीआधी तिला झापलं. पेशंटच्या शर्टाची बटणं तिने स्वतःच लावून टाकली होती. "मॅडम, खाली त्यांची रिक्षा थांबली होती." मी म्हटलं, "थांबू दे. बटणं त्यांची त्यांनीच लावायची." आणि तुम्ही आठवलात.

तुमची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला स्वतःच्या मुलीकडून शर्ट घालायला शिकणं मान्य नव्हतं. "आधी उजवा हात बाहीत, मग डावा," मी सांगायचे. "इतकी वर्षं कसाही घातला, कुणी परीक्षा घेतली नाही," तुम्ही म्हणायचात. आई मदतीला आली की मी तिला आत पिटाळायचे. आतून तिचं सुरू व्हायचं, "लोकांच्या मुली सेवा करतात. आमची नुसती बघत उभी राहते."

माझ्या नोंदणीसाठी मुंबईला जायचं होतं. त्या दिवशी मूळ कागद दाखवून नंबर मिळाला नाही, तर सोमवारी हॉस्पिटल मला रुजू करून घेणार नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मी येणार." मी म्हटलं, "या. पण तयार तुमचे तुम्ही व्हायचं."

त्या सकाळी तुम्ही पलंगाच्या कडेला बसलायत. डाव्या हाताने उजवा उचलून बाहीत सरकवता, बाही खांद्यापर्यंत ओढता. मग एकेका बटणाशी झटापट. मी दाराशी, हात पाठीमागे घट्ट धरून. घड्याळाकडे दोघंही बघत नाही. ज्यांनी उभ्या नोकरीत गाडी कधी उशिरा काढली नाही, त्यांची दादरची गाडी त्या दिवशी चुकली.

स्वारगेटला कंट्रोलर ओळखीचे निघाले. "काय हो, तुमची गाडी चुकली?" तुम्ही काठी टेकवून म्हणालात, "आमच्या बाईसाहेबांनी हात लावला असता, तर मिळाली असती. नाही लावला." आणि शर्टाकडे बोट दाखवलंत. "स्वतः घातलाय."

आम्ही मुंबईत नोंदणीच्या ऑफिसात पोचलो तेव्हा खिडकी बंद होत होती. कारकुनाने कागद परत सरकवले, "उद्या या." तुम्ही पुढे झालात.

"अहो, हिने मला मदत केली नाही, म्हणून उशीर झाला."

"मदत केली नाही?"

"तेच शिकलीय ती. कागद बघा की."

तो माणूस तुमच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. हसला आणि त्याने शिक्का उचलला.

घरी आईने दारातच बघितलं. बटणं एक घर चुकलेली, शर्टाची एक बाजू खाली लोंबतेय. "अहो, असेच हिंडलात मुंबईभर?" तुम्ही माझ्याकडे वळलात. मी पेढे काढायला आत गेले.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. ती बटणं मला घरातून निघतानाच दिसली होती. सांगितलं तर दुसरीही गाडी जाईल, म्हणून गप्प बसले, असं मी आईला म्हटलं होतं. तेवढंच कारण नव्हतं, बाबा. त्या तिरक्या शर्टात तुम्ही फार देखणे दिसत होतात.