पिंपळवंडी शिवारात रडार चाचणीवेळी झालेल्या हल्ल्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
पोलीस ठाणे, ता. जुन्नर, जि. पुणे

विषय : सहकाऱ्याचा डोळा फोडणाऱ्या इसमांवर नावानिशी गुन्हा नोंदवण्याबाबत.
संदर्भ : दि. ६ जानेवारी २०२५ रोजीची घटना.

महोदय,

मी मूळची पिंपळवंडीची असून पुण्यात एका कंपनीत गाड्यांच्या रडारवर काम करते. रडारच्या अँटेनापुढे आम्ही तांब्याची बारीक नक्षी छापलेला पातळ थर बसवतो, त्यास मेटासरफेस म्हणतात. त्यामुळे लहरी इकडेतिकडे न पसरता समोर एकवटतात व वाटेत आलेला माणूस गाडीला लांबूनच कळतो. उसातून अचानक रस्त्यावर येणारी माणसे वाचावीत, यासाठीच ही चाचणी डिसेंबरपासून आमच्या शिवारात चालू होती.

त्या दुपारी सहकारी श्री. अरिहंत मुथा उसाच्या कडेने रस्त्यावर ये-जा करत होते व मी गाडीत बसून रडारचा पडदा पाहत होते. आदल्या आठवड्यात बिबट्याने वस्तीवरील साळुबाईंचा जीव घेतला होता. आमच्या यंत्रामुळे तो बिथरला, ही अफवा मात्र आमच्यापर्यंत पोचली नव्हती. ट्रॅक्टर गेल्याने समोर धुळीचा लोट होता. पडद्यावर अरिहंत यांच्या ठिपक्याकडे बरेच ठिपके धावत आले. धुळीतूनही इतके स्पष्ट दिसते, म्हणून मला क्षणभर आनंद झाला. मग किंकाळी ऐकू आली.

मी पोचले तेव्हा ते खाली पडले होते व डोक्यावर काठ्या बसत होत्या. "ह्याच्याच मशिनीनं बिबट्या आणला, डोळं फोडा ह्याचं," असे ओरडून एकाने पहारीचे टोक त्यांच्या डाव्या डोळ्यात खुपसले. मी त्यांच्या अंगावर आडवी पडले, तेव्हा माझा हात मोडला. "आपलीच पोरगी हाय, ऱ्हाऊ द्या," म्हणत मला केसांना धरून बाजूला ओढले आणि मारहाण पुन्हा सुरू केली.

अरिहंत यांचा डोळा काढावा लागला. काल गावातील मंडळी रुग्णालयात येऊन म्हणाली, "एका डोळ्यानं बी दिसतंय की. अज्ञात जमाव म्हणून लिहून दे." वडिलांनीही माझे पाय धरले.

रडारची नोंद सोबत देत आहे. तीत माणसे दिसतात, चेहरे दिसत नाहीत. चेहरे मी पाहिले. काठ्या गावातीलच गोकुळ व सयाजी यांच्या हातात होत्या. पहार कुशाबा हौशीराम डेरे यांच्या हातात होती. ते माझे सख्खे चुलते आहेत.

तरी तिघांवर गुन्हा नोंदवावा. डेरे हे आडनाव नजरचुकीने पडले असे समजून कृपया खोडू नये.

आपली नम्र,
हर्षाली भरत डेरे
(उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने सही डाव्या हाताची)
दि. १० जानेवारी २०२५

सोबत : वैद्यकीय दाखले दोन, रडारची नोंद.