आकाराम सर वर हायत

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून नवं आयुष्य. उचगावातला इंग्रजीचा क्लास माझ्या ताब्यात आला. आधीचे आकाराम सर गेल्या महिन्यात वारले. वाईट झालं, पण जागा रिकामी झाली.
खाली मौलालीचाचांचं टेलरिंगचं दुकान, वर क्लासची खोली. खोली त्यांचीच. किल्ली देताना म्हणाले, आमच्या सबिनाची मुलाखत हाय पुढच्या महिन्यात, ती त्यात पास निघाली तर खोली तुमची, न्हाईतर किल्ली परत. सबिना म्हणजे त्यांची मुलगी. नर्स आहे, मस्कतच्या एका हॉस्पिटलात अर्ज केलाय, मुलाखत इंग्रजीत. मी म्हटलं, चाचा, निघाली समजा.
शिक्षण विचारलं. एम.ए. इंग्लिश म्हणालो. दुसरं वर्ष राहिलंय हे सांगायला मध्ये जागाच मिळाली नाही.
पेठ वडगावला अण्णांना फोन करून कळवलं. अण्णा म्हणाले, भांड्यांचं दुकान हाय, गल्ल्यावर माणूस न्हाय, कवा येतोस ते सांग. वडिलांना व्हिजन नाही.

४ नोव्हेंबर, संध्याकाळ
पहिला तास. वर्गात शिरलो तर सगळे आधीच उभे. माझ्याकडे पाठ, टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड. शिस्त उत्तम आहे. दिशा तेवढी चुकते.
खुर्चीत टेकणार तेवढ्यात जोतीराम ओरडला. फाउंड्रीत सुपरवायझर आहे, आवाज भट्टीवरचा. म्हणाला, तिथं न्हाय, ती सरांची हाय. उभं राहून शिकवणं पाठीला चांगलंच असतं.
आकाराम सरांची पद्धत विचारली. आधी 'कोण?', मग 'काय करतो?', मग बाकीचं. बस्स, एवढंच. सब्जेक्ट, व्हर्ब वगैरे नावं म्हणे शेवटी सांगायचे. अगदीच गावठी. मी थेट पार्ट्स ऑफ स्पीचच्या आठही व्याख्या फळ्यावर उतरवल्या. पाठोपाठ जेरंड. जेरंड एकालाही कळला नाही. म्हणजे लेव्हल वाढली.
फळ्याच्या कोपऱ्यात सरांच्या तिरक्या अक्षरात एक वाक्य राहिलं होतं. 'ही इज कमिंग.' तो येतोय. पुसून टाकलं.

५ नोव्हेंबर
वाक्य परत आलंय. तेच तिरकं अक्षर. खोलीला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. पुसलं.
भुताखेतावर माझा विश्वास नाही. तास लवकर सोडला तो थंडीमुळे.

७ नोव्हेंबर
परत आहे. तो येतोय.
जिना चढताना णमोकार मंत्र म्हणत गेलो. श्वासाला बरा असतो.
चाचांना सहज विचारलं, माझ्यामागं वर कोण येतं का? ते सुईत दोरा ओवत म्हणाले, सर येत्यात की. मी म्हटलं, मला सोडून विचारतोय. ते म्हणाले, तुमास्नी सोडूनच सांगतोय.
या भागातली माणसं गेलेल्या माणसाला वर्तमानकाळात ठेवतात. व्याकरण कच्चं, दुसरं काय.
आज अॅडव्हर्ब घेतला. उदाहरण म्हणून 'ब्यूटिफुल' दिलं. सबिना म्हणाली, सर, हे अॅडजेक्टिव्ह न्हवं? मी म्हटलं, ते संदर्भावर असतं. ती वहीत बघायला लागली. पटलं असावं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
छडा लागला! भर वर्गात विचारलं, हे वाक्य कोण लिहितं? जोतीराम उठला. म्हणाला, आमीच. चाचांकडं दुसरी किल्ली हाय. सरांचं शेवटचं वाक्य हाय ते. म्हणालेले, उद्या ह्याचं निगेटिव्ह करू. मग उद्या काय झालाच न्हाय. तेवढं ऱ्हायलंय.
एवढंच? मी खडू घेतला आणि तिथल्या तिथे करून दाखवलं. 'ही इज नॉट कमिंग.' खाली मराठीत अर्थही लिहिला, ठळक. तो येणार नाही.
सगळ्यांनी वह्या मिटल्या. माझा वेग बघून असेल. एकेक जण उठला आणि खाली गेला. सबिनाचे डोळे भरलेले. समजण्याचा आनंद मी ओळखतो.

१३ नोव्हेंबर
कोणी आलं नाही. लग्नसराई.

१४ नोव्हेंबर
कोणी नाही. सबिनासुद्धा नाही. मुलाखत तोंडावर असताना हा निष्काळजीपणा. ती हुकली तर किल्ली जाईल, आणि मला गल्ल्यावर बसून पातेल्यांवर नावं घालून द्यावी लागतील.
रिकाम्या बाकांना नाउन शिकवायला घेतलं. सराव राहावा. बाहेर अंधार पडत होता. आणि पायाखालून, फरशीखालून, एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.
'कोण?'
मी म्हटलं, मी.
'काय करतो?'
जिना उतरलो. चपला वर राहिल्या.

१५ नोव्हेंबर
चपला आणायला दिवसाउजेडी गेलो. रिकामी खुर्ची जरा सरकलेली वाटली. वाटली, एवढंच म्हणतो.

१८ नोव्हेंबर
धीर करून संध्याकाळी गेलो. चाचांच्या दुकानाच्या खिडकीबाहेर उभा राहिलो. आत माझा सगळा वर्ग! कापडाच्या गठ्ठ्यांवर बसलेला, आणि मशीनवर सबिनाचा मोबाईल. आकाराम सर रोज व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाजात धडा पाठवायचे म्हणे. ते जुने धडे हे लोक परत परत लावतात.
म्हणजे भूत नाही. हायसं वाटलं.
तेवढ्यात मोबाईलमधून सर म्हणाले, ती रोज कामाला जाते का? इंग्रजीत विचारा बघू. आणि थांबले. उत्तरासाठी जागा सोडलेली. नुसती शांतता, मागे कुठेतरी पंखा फिरतोय. त्या शांततेत खिडकीबाहेर, अंधारात, मी ओठातल्या ओठात म्हणालो, 'डझ शी गोज?'
सर म्हणाले, 'डझ शी गोज' म्हणालात न्हवं? चूक. एस एकदाच लावायचा, तो डझनं घेतला. परत.
मी खिडकीचा गज धरला. गेलेल्या माणसाला माझे ओठ कसे दिसले?
विचाराअंती ठरवलं. धडे जुने आहेत, त्यात गुणवत्ता तपासायला हवी. त्या ग्रुपवर मी आहेच, किल्ली दिली तेव्हाच मला त्यात घेतलं होतं. रोज ऐकणार. तपासणीसाठीच.

२७ नोव्हेंबर
तपासणी चालू. सर प्रत्येक धड्यात मला पकडतात. मी बोलायचा अवकाश, माझी चूक सांगतात. 'आय टी ड्रिंक' म्हणालो, ते म्हणाले, चहा आधी आला न्हवं? कोण, काय करतो, मग चहा.
आज जेवताना ताटासमोर 'कोण?' ऐकू आलं. मोबाईल बंद होता.

२ डिसेंबर, मंगळवार
सबिनाची मुलाखत. मोबाईलवरच. खाली मशीनचा आवाज, म्हणून वरच्या खोलीत. ती पहिल्या बाकावर, टेबलावर मोबाईल, त्यामागे ती खुर्ची. मी बाजूला, मदतीची पुठ्ठ्यावर लिहिलेली वाक्यं घेऊन.
पहिलाच प्रश्न, स्वतःबद्दल सांगा. मी पुठ्ठा उंच धरला, 'मायसेल्फ सबिना'. तिनं बघितलं नाही. ती मोबाईलच्या वर, खुर्चीकडे बघत होती. एवढ्याशा श्वासाएवढी थांबली आणि धडाधड बोलायला लागली. मी दुसरा पुठ्ठा काढला, तो खाली पडला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, खोलीत कोण आहे? सबिना म्हणाली, माय सर. मी कॉलर नीट केली. बाई म्हणाल्या, त्यांना बाहेर जायला सांगा. सबिनानं मला दाराकडे बोट केलं.
नंतर विचारलं, मला बघून धीर आला ना? ती म्हणाली, खोटं कशाला बोलू सर, तुमी भायेर गेला तवा आला. मग सरांकडं बघत बोल्ले.
मुलगी भांबावलेली होती.

९ डिसेंबर
निघाली! सबिना मस्कतला जाणार. माझी पहिली यशस्वी विद्यार्थिनी. पेढा आधी खुर्चीपुढे ठेवला, मग चाचांना, मग मला.
चाचा म्हणाले, शब्द म्हंजे शब्द, खोली तुमची.
अण्णांना कळवलं. ते म्हणाले, पोरगी हुशार हाय. तू कवा येतोस?

११ डिसेंबर
खोली माझी आहे. खोलीत कोणी नाही. 'खोली' नाउन आहे. 'कोणी' प्रोनाउन. एवढं आता येतं.

१६ डिसेंबर
जोतीराम आणि सगळे वर आले. मी फळा पुसायला घेतला. जोतीराम म्हणाला, सर, तुमच्याशिवाय अडलंय. मी म्हटलं, बोला.
म्हणाला, सर रेकॉर्डिंगमधी 'चूक, परत' म्हणत्यात. आमास्नी आता बरोबर येतंय, तरी म्हणत्यात. मग घोटाळा हुतोय. सरांचं 'चूक' म्हणणं कधी वाया गेलं न्हाय, आमच्यापायी जायला नगो. तुमी बसा आमच्यात. सरांनी विचारलं की तुमी बोलायचं. तुमी वर एकलंच म्हणता ते खाली ऐकू येतंय, सरांच्या 'चूक'शी बरोब्बर जुळतंय.
विचार करून कळवतो म्हणालो. जिन्यापर्यंत पोचले तेव्हा हो म्हणालो. पद सन्मानाचं आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार
पहिला दिवस. खुर्चीवर मोबाईल ठेवला, सगळे उभे राहिले, मीही राहिलो. सरांनी विचारलं, तो आंबा खात नाही, इंग्रजीत सांगा. थांबले. सगळे माझ्याकडे वळले.
कोण, काय करतो, मग बाकीचं. आपोआप आलं. 'ही डझन्ट ईट मँगोज.' बरोबर! आयुष्यात पहिल्यांदा, न अडखळता, बरोबर.
सर म्हणाले, 'डझन्ट ईट्स' म्हणालात न्हवं? चूक. परत.
या माणसाला मी कधी भेटलो नाही. माझं बरोबर आलेलं सांगावं असा तो एकच होता, आणि त्याच्यापर्यंत ते पोचणार नव्हतं.
जोतीराम चिडला. म्हणाला, काय सर तुमी! एवढं एकच काम हाय तुमचं.
सॉरी म्हणालो. त्यानं रेकॉर्डिंग मागं घेतलं. सरांनी परत विचारलं, परत थांबले. या वेळी नीट चुकलो.