वासंतीबाईंच्या पंधरा खाटा

येलहंका (बंगलोर), ११ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप विश्वासअण्णास,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे मथुरेचा, वाकून नमस्कार. धारवाडच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी तुला चालायला पाठवते, की तू कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून चालून आलो म्हणतोस? इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पुढचं वाचून तुझं तू ठरव.

तू आमच्याकडे बसून (चहावर चहा घेत) ती आरोग्याची पॉलिसी ह्यांच्या गळ्यात घातलीस, तेव्हा म्हणाला होतास, "प्रतापराव, आजारी पडायचं तेवढं तुम्ही बघा, बाकीचं कंपनी बघेल." आमच्या बाजूचं काम ह्यांनी चोख केलं. हर्निया झाला. ऑपरेशन कुठे करायचं हा प्रश्नच नव्हता. मागच्या गल्लीत वासंतीबाईंचा दवाखाना आहे, ह्यांचं अपेंडिक्स त्यांनीच काढलं होतं, त्यांना ह्यांच्या पोटाचा रस्ता पाठ आहे. पण तुझ्या कंपनीच्या हापिसात कळलं, की तो दवाखाना दवाखानाच नाही. पंधरा खाटा लागतात आणि बाईंकडे नऊ. माणसं तिथे बरी होतात हे त्यांना मान्य आहे, पण नऊ खाटांवर बरं झालेलं कंपनी धरत नाही. धरतात ते इस्पितळ शहराच्या पार पलीकडे, दोन बस बदलून, जिथे ह्यांना ओळखणारं कुत्रंदेखील नाही. फार गयावया केल्यावर म्हणाले, आमचा माणूस येऊन खाटा बघून जाईल.

झालं, ह्यांचं रक्त उसळलं. (शहाजीराजांबरोबर आपण इथे आलो तेव्हापासून आपल्या लोकांचं रक्त नुसतं उसळतंच आहे, दुसरं काही करत नाही.) बाहेरून खाटा आणून पंधरा भरतो म्हणाले. बाईंनी साफ सांगितलं, "प्रतापराव, हा दवाखाना आहे, मंगल कार्यालय नव्हे." बाई सकाळी एका बाळंतिणीकडे गेल्या, तेवढ्यात ह्यांनी हातगाडीवरून नात्यातल्या घरांतल्या सहा खाटा आणवल्या. आता आपल्यात परक्याला आपल्या खाटेवर निजू देत नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. सोयराबाईआत्या आपल्या लग्नातल्या खाटेबरोबर स्वतः आली आणि तिच्यावर आडवी झाली. ते पाहून बाकीचे पाचही मालक आपापल्या खाटेवर पसरले. दुपारी डबे उघडले. खरे रोगी होते चार, त्यांनाही आग्रह करकरून वाढलं. एकाला पथ्य होतं, त्याचं ते सुटलं.

कंपनीचा माणूस आला. तरुण कन्नड मुलगा, अगदी सभ्य. खाटा मोजून "सरी, सरी" म्हणजे ठीक, ठीक म्हणाला. आमचा जीव भांड्यात पडतोय तोच तो आत्याशी वाकून म्हणाला, "अज्जी, एनु तोंदरे?" म्हणजे काय त्रास होतोय. आत्या म्हणाली, "त्रास मला कसला? तो जावयाला. मी आपली खाटेबरोबर आले."

मुलगा खालीच बसला. विषय बदलावा म्हणून हे म्हणाले, "आत्यांची खाट उजेडाकडे स्वल्प सरकवू या," आणि आत्यासकट खाट उचलायला गेले.

अण्णा, त्यापुढचं हसून लिहिता येत नाही. आतडं अडकलं. हे पांढरेफटक होऊन जमिनीवर वळवळायला लागले. बाई आल्या, हात लावला आणि म्हणाल्या, आत्ताच, शहरात न्यायला वेळ नाही. आत नेताना ह्यांचे पाय धरले ते त्या कंपनीच्या मुलानंच. मी बाहेर बसले आणि ज्या देवांना कधी हाक मारली नव्हती त्यांनाही मारली. पुष्कळ वेळानं बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वाचले. आता ह्या सगळ्या धडधाकट लोकांना घरी पाठवा."

जाताना तो मुलगा बाईंना बाजूला घेऊन विचारत होता, बायकोला आठवा लागलाय, इथे आणली तर चालेल का? बाई चालेल म्हणाल्या. मग त्यानं अहवालात नऊ खाटा लिहिल्या. दोन्ही ठिकाणी तो खराच वागला, त्यामुळे शिव्या द्यायचीही सोय राहिली नाही.

सर्वांना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मथुरा

ता. क. : शुद्धीवर येताच ह्यांनी विचारलं, "पंधरा भरल्या?" मी भरल्या म्हटलं. टाके ओले आहेत, कंपनीनं नाही म्हटल्याचं त्यांना सांगवत नाही. तेव्हा तू येऊन कागद पुढे सरकताहेत असं काहीतरी सांग. मला खोटं धड जमत नाही, तुझा तो धंदाच आहे.

आणखी ता. क. : हे पाठीमागून वाचत होते. म्हणाले, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, पण अण्णाला कळू देऊ नकोस, पॉलिसी दिली तेव्हा आपण बहिणीचं भलं केलं म्हणून तो किती खूष होता. तेव्हा हे वाचलंच नाहीस असं समज आणि थाप नीट पाठ करून ये. हे विश्वास ठेवल्याचा चेहरा करायची तयारी करताहेत, तो चेहरा त्यांना टिकवेनासा व्हायच्या आत आटप.