दादाचं हसू

४ फेब्रुवारी, मंगळवार

हसला! मास्तरांच्या समोर बसून दादा नुसता हसला!

ती, मास्तरांची मुलगी, झेरॉक्सच्या दुकानापाशी भेटली. डोळे लाल. म्हणाली, "तुझा भाऊ काल आमच्याकडे येऊन बसला. बाबांनी विचारलं, काय काम काढलंत? तर उत्तर नाही. दात विचकून हसतोय नुसता! बाबा म्हणाले, एकतर पिऊन आलाय, नाहीतर आपली चेष्टा करतोय. हाकलून दिलं." मग म्हणाली, "आता कसं व्हायचं रे?" मला काय माहीत कसं व्हायचं!

किती दिवस दादाच्या मागे लागलो होतो. थोरला तू, तू जा, माझ्या लग्नासाठी शब्द टाक. त्याचं आपलं "बघू, बघू." शनिवारी शेवटी म्हणाला, "जातो. मास्तरांशी बोलायला तर हवंच." आणि हे बोलला!

तसाच वखारीत गेलो. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या रचून ठेवल्यात, त्यांच्यामध्ये उभा होता. तोंडाला येईल ते बोललो. तो बघत राहिला आणि — पुन्हा हसला! भुवया वर, ओठ दोन्हीकडे ताणलेले. दिली ठेवून एक. आयुष्यात पहिल्यांदा दादावर हात उचलला. तरी हसतच होता!

बास. या घराशी माझा संबंध संपला.

५ फेब्रुवारी

संपला म्हणून जाणार कुठे? इथेच आहे.

वहिनी म्हणते, दोन-तीन दिवस त्याची दाढ दुखतेय. जबडा उघडत नाही, घोटघोट दुधावर आहे. "मानसुद्धा वळवत नाहीत हो भाऊजी. तुम्ही जरा बघता का?" म्हटलं, नाटकं आहेत. काल मला बघितल्यावर बरा जबडा फाकला!

६ फेब्रुवारी

माल उतरवताना एक दार निसटलं आणि फरशीवर आदळलं. त्या आवाजासरशी दादा कोसळला. ताठ! डोकं आणि टाचा जमिनीला, मधलं अंग अधांतरी. पाठीची कमान. दातांवर दात करकरतायत. डोळे उघडे — माझ्याकडेच. आणि तोंडावर तेच हसू.

टेम्पोत घालून मोठ्या इस्पितळात नेला. धनुर्वात म्हणतायत.

हा शब्द मी शाळेत दंडावर सुई टोचून घेताना ऐकला होता. माणसाला खरंच होतो हे माहीत नव्हतं.

७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठे लागलं होतं का? मला आठवेना. वहिनीला आठवलं. मागच्या आठवड्यात चपलेतून खिळा आरपार टाचेत गेला होता. त्यानं स्वतःच पकडीनं ओढून काढला, भोकात भुसा आणि सरस दाबून भरला, वर चिंधी बांधली आणि गेला कामाला.

वखारीत सगळे हेच करतात. लाकडाला भोक पडलं की भुसा-सरस, माणसाला पडलं तरी भुसा-सरस. रक्त थांबतं, काम थांबत नाही. माझ्याही हातावर अशा जागा आहेत.

मी म्हटलं, पण खिळा गंजलेला नव्हता! बाई वैतागल्या. "गंज घेऊन काय बसलात? याचे जंतू मातीत, धुळीत, शेणात असतात. त्यांना हवा सोसत नाही. खोल भोकात शिरले आणि वरून तुम्ही बूच लावून दिलंत! आणखी काय पाहिजे होतं त्यांना?"

आत जंतू विष तयार करतात. ते नसांतून चढतं आणि स्नायू आवळत जातात — आधी जबडा, चेहरा, मग मान, पाठ.

म्हणजे ते हसू नव्हतंच. चेहरा ओढला गेला होता.

मी विचारलं, त्याला कळत होतं का? म्हणाल्या, "सगळं. यात शुद्ध जात नाही. ऐकू येतं, दुखतं. फक्त उत्तर देता येत नाही."

९ फेब्रुवारी

खोलीत अंधार. पडदे ओढलेले. आवाज, उजेड, नुसता हात लागणं — कशानंही झटका येतो. दारावरचा माणूस म्हणाला, "जरा हळू चाला." मी त्याच्यावर खेकसलो. आत दादाची कमान झाली.

बाई बाहेर आल्या. ओरडल्यासुद्धा नाहीत. "तुम्ही आत यायचं नाही." एवढंच.

संध्याकाळी घशाला छेद देऊन नळी घातली. श्वास आता यंत्र घेतंय.

१२ फेब्रुवारी

विषावरचं औषध दिलंय. पण ते रक्तात मोकळं फिरणाऱ्या विषालाच अडवतं. नसांना चिकटलं ते चिकटलं. त्याला उतारा नाही. जखम उघडून भुसा काढला, धुतली. आता नुसती वाट बघायची.

वाचेल का?

"सांगता येत नाही."

१३ फेब्रुवारी

कालच्यापेक्षा वाईट.

१६ फेब्रुवारी

वखारीतल्या सगळ्यांना सुई टोचून आणली. लहानपणी घेतलेली जन्मभर पुरत नाही, मोठेपणीही दर दहा वर्षांनी घ्यावी लागते. आणि खोल जखम झाली की नळाखाली धरायची, साबणानं धुवायची, लगेच दाखवायची. बूच नाही लावायचं.

रंधेवाला म्हणतो, "बायकोला दिवस असताना दिली होती की! घरात एकाला दिली तर चालत नाही होय?" मी हसलो. आणि मग ते हसणं कसं थांबवायचं तेच कळेना. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

पहिल्या वर्षाच्या पुस्तकात जंतूंचा धडा होता. तिथवर पोचायच्या आत मी सरांची कॉलर धरली आणि कॉलेज सोडून आलो. पोचलो असतो तरी काय! दादाला ते हसू बघून ओळखलं असतं मी? नाही. मारलंच असतं.

१९ फेब्रुवारी

वहिनीला कोणीतरी सांगितलं. "तुम्ही मारलंत त्यांना?"

हो म्हटलं.

त्यानंतर बोलत नाही. चहा ठेवते आणि जाते.

ती पण फोन उचलत नाही. बरंच आहे.

२४ फेब्रुवारी

मास्तर इस्पितळात आले. आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन चालत होते! ती मागे, मान खाली.

म्हणाले, "जबडा आवळलेला असताना माणूस धाकट्या भावासाठी माझ्या दारात आला, आणि मी त्याला दारुडा म्हणालो. कुठल्या तोंडानं माफी मागू?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ज्या घरात असा भाऊ आहे, तिथे मुलगी द्यायला मी नाही म्हणणार नाही."

तिनं वर बघितलं. मी याच क्षणासाठी किती रात्री घालवल्या! आणि काही म्हणजे काहीच वाटलं नाही. दाराआड यंत्र फसफसत होतं. असला होकार घेऊन मी काय करू? तो दादाचा होकार आहे. दादा गेला की तो होकार आणि मी, दोघं काय करणार?

३ मार्च

झटके विरळ झालेत. यंत्र थोडा थोडा वेळ बंद करून बघतायत. बाई म्हणाल्या, यातून निघाला तरी पुढे लस घ्यावी लागेलच. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही. वहिनी म्हणाली, "आधी निघू दे."

मला काही निघेलसं वाटत नाही. आशा धरायचीच भीती वाटते.

१२ मार्च

नळी काढली. दादा बोलला! आवाज कसला, नुसती हवा. मी कान त्याच्या तोंडापाशी नेला.

"मास्तरांकडे... मागणी घालायला नव्हतो रे गेलो. सांगायला गेलो होतो... याला मुलगी देऊ नका. फार तापट आहे, तिचे हाल होतील. पण तोंडच उघडेना."

वहिनी धावत आली. "काय म्हणाले? काय म्हणाले भाऊजी?"

म्हटलं, पाणी मागतोय.