दीडपट लांब बास

१ जून
आळीच्या सभेत पाऊण तास बोललो. विकतच्या वस्तूंनी माणसाचे हात मारले. ऑगस्टमधल्या बोन सणाच्या नाचात स्टेजवर चढेन तो स्वतः घडवलेला बास गिटार घेऊनच. माझा कारखान्यात बनलेला जुना बास तिथल्या तिथे औषधवाल्या ताकेईबाईंना देऊन टाकला. टाळ्या. आमच्या बँडचा म्होरक्या, तोफूवाला मुरोगा म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आजवर साधं स्टूल तरी..." पुढचं ऐकलं नाही.

३ जून
सासऱ्यांकडून मेपलची फळी आणि दोन्ही बाजूंनी आकडे कोरलेला लोखंडी काटकोनी गुण्या आणला. पन्नास वर्षं देवळांची छपरं बांधलेला माणूस. माप कसं घ्यायचं ते दाखवू का, म्हणाले. मी म्हटलं, मोजायला डोळे पुरतात. "बरं, जावईबापू." एवढंच.

१२ जून, सकाळी
बासची मान आखली. गुण्याच्या पुढच्या बाजूचे आकडे पुसट. मागचे स्वच्छ. मागचे वापरले. याला व्यवहारज्ञान म्हणतात.

२८ जून
मान तयार. किनुयो म्हणाली, "अहो, हे वाद्य आहे की नावेचं वल्हं?" माझी बायको असून तिला भव्यता कळत नाही.

६ जुलै
मानेवरच्या पहिल्या पडद्यापर्यंत हात पोचत नाही. दोष हाताचा. रोज शंभर वेळा ताणणार.

७ जुलै
खांदा धरला. आठवड्यातून एकदा पुरे.

१९ जुलै
तारा वीतभर आखूड. दुकानदाराला फोनवर खडसावलं. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तारा जगभर एवढ्याच असतात." म्हणजे कट जगभर आहे.

२० जुलै
सासरे आले. चहा घेतला. बासकडे पाहिलं. गुण्या उचलून उलटा-सुलटा केला. म्हणाले, "मागच्या खुणा छपराच्या तिरक्या लाकडांसाठी. तिथला एक म्हणजे इथला जवळजवळ दीड. हे करणारा तुम्ही दुसरा."
पहिला कोण, विचारलं.
"एक शिकाऊ पोरगा. त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. तुम्हाला कुठे पाठवू? जावई आहात."

२७ जुलै
तालीम. मुरोगा म्हणाला, ताकेईबाई वाजवतील, तुमच्याच जुन्या बासवर, हात छान बसलाय त्यांचा. मी म्हटलं, माझं तत्त्व हरलेलं नाही, लांबलं आहे. तो म्हणाला, "ते दिसतंय."
आळीत कुणी भाषण मागितलं नाही. घरी येऊन फळीच्या उरलेल्या तुकड्याला पॉलिश केलं.

१४ ऑगस्ट
ऐन वेळी कंदिलांचा बांबू मोडला. सासरे आमच्या घरी गेले आणि माझा बास खांद्यावर टाकून आले. पूर्ण दीड तास स्टेजच्या कोपऱ्यात तो उभा धरून होतो. वर टांगलेले सहा कंदील. स्वतः घडवलेला बास घेऊनच चढलो. शब्द पाळला. ताकेईबाई बऱ्या वाजवतात. बऱ्याच बऱ्या.
उतरल्यावर सासऱ्यांनी बासच्या मानेवरून हात फिरवला. "माप अगदी बरोबर आलंय, जावईबापू. आता कापूबिपू नका. पुढच्या वर्षीही लागेल. आणि धरायला तुम्ही."